कार्डेनॉल पाण्यात विरघळत नाही, मग शेवाळावर त्याची चाचणी करायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुडाळच्या बाजूला काजूच्या टरफलाच्या तेलापासून तुमची कंपनी कार्डेनॉल काढते. माल युरोपला जायचा आहे, आणि गिऱ्हाइकाने गोड्या पाण्यातल्या शेवाळावरची चाचणी मागितली आहे. घरच्या घरी अंदाज घ्यावा म्हणून तुम्ही लिटरला १०० मिलिग्रॅम घालून पाहिलं. वर तवंग आला, काचेला तपकिरी थर धरला, आणि तीन दिवसांनी काही फ्लास्कमध्ये पेशी कमी, तर काहींमध्ये कंट्रोलपेक्षाही (कार्डेनॉल न घातलेल्या फ्लास्कपेक्षाही) जास्त निघाल्या. आता डीएमएसओ (द्रव्य विरघळवणारा सॉल्व्हंट) वाढवायचं, की ट्वीन (तेल पाण्यात मिसळवणारा इमल्सिफायर) घालून फेसायचं, की 'विरघळत नाही म्हणजे विषारी नाही' असं लिहून विषय संपवायचा?

तिन्ही नको. पहिल्या दोन उपायांनी तुम्ही पाण्यात कार्डेनॉलचे बारीक थेंब लटकवाल आणि त्यांनाच विरघळलेलं समजाल. तिसऱ्याने तर प्रश्नच बाजूला पडतो, कारण पाण्यात अत्यल्प विरघळणारी कितीतरी द्रव्यं त्या अत्यल्प प्रमाणातच शेवाळाला पुरून उरतात. शेवाळाच्या पेशीभोवतीच्या पाण्यात खरोखर विरघळलेलं कार्डेनॉल किती होतं, याचं उत्तर ज्या चाचणीत नाही ती चाचणी कितीही नीट केली तरी तिचा आकडा कशाचाच नसतो. पुढचं सगळं त्या एका आकड्यासाठी आहे.

आधी बाटलीत काय आहे ते पक्कं करा. तुमच्या पत्रात 'टरफलाचं तेल' आणि 'कार्डेनॉल' हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत, पण शेवाळाच्या दृष्टीने ती अगदी वेगळी द्रव्यं आहेत. कच्च्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. ऊर्ध्वपातन केलेल्या मालातही थोडं कार्डॉल (त्याच तेलातलं दुसरं फिनॉल) राहू शकतं. आता फरक बघा: कार्डेनॉल हे फिनॉल आहे, चाचणीच्या माध्यमाचा सामू ८ च्या आसपास असतो, आणि त्या सामूला कार्डेनॉल जवळपास सगळं विनाभारित राहतं, म्हणून पाणी टाळतं. अ‍ॅनाकार्डिक आम्ल मात्र त्याच सामूला आयन होतं, साबणासारखं वागतं आणि कितीतरी जास्त प्रमाणात पाण्यात उतरतं. तेव्हा नमुन्यात त्याचा अंश शिल्लक असेल, तर तुम्ही कार्डेनॉलच्या नावाने भलत्याच द्रव्याचा परिणाम मोजाल. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडणाऱ्या बायकांच्या हातांवरचे चट्टे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे तेल किती जहाल आहे ते सांगायला नको. प्रयोगशाळेतही हातमोज्यांशिवाय बाटली उघडू नका.

दुसरं म्हणजे, शुद्ध कार्डेनॉल हेसुद्धा एकच द्रव्य नाही. पंधरा कार्बनची शेपटी सगळ्यांना सारखीच, पण तिच्यात कुठे तीन दुहेरी बंध, कुठे दोन, कुठे एक, कुठे एकही नाही. रिव्हर्स फेज कॉलमवर एचपीएलसी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजण्याची पद्धत) लावली की आधी तीन बंधांचं शिखर येतं, मग दोनचं, मग एकाचं, आणि शेवटी संपृक्त. पाण्यात उतरण्याचा क्रमही साधारण हाच. त्यामुळे तुम्ही जास्त माल घातला की कमी, यावर पाण्यात उतरलेल्या मिश्रणाची घडण बदलते. हे लक्षात ठेवा, पुढे द्रावणं बनवताना याच मुद्द्यावर पद्धत ठरणार आहे.

आता त्या १०० मिलिग्रॅमबद्दल. हा आकडा तुम्ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या, शेवाळ-चाचणीच्या पद्धतीतून घेतला असणार. तिथे मर्यादा-चाचणी (एकाच कमाल पातळीवरची चाचणी) १०० मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा पाण्यातल्या विद्राव्यतेइतकी, यांतली जी कमी असेल त्या पातळीवर करायची असं म्हटलं आहे. वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्यासाठी आहे. कार्डेनॉलचं ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तर (द्रव्य पाण्यापेक्षा तेलकट द्रवात किती पट जास्त उतरतं ते) लॉगच्या मापात सहाच्या बरंच वर जातं. असं द्रव्य लिटरला १०० मिलिग्रॅम घातलं तर त्यातला नगण्य भाग विरघळतो आणि बाकीचा तवंग, थेंब आणि काचेवरचा थर होऊन बसतो. त्या फ्लास्कमधल्या पेशी विषाने मेल्या, तेलात चिकटून गुठळ्या झाल्या, की तवंगाने उजेड अडवल्यामुळे वाढल्या नाहीत, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आणि काहीच झालं नाही, तर 'ईसी-५० (वाढ निम्म्यावर आणणारं प्रमाण) शंभरहून जास्त' असा आकडा अहवालात जातो. मला याची जास्त काळजी वाटते. वाचणारा त्याचा अर्थ 'निर्धोक' असा घेतो, आणि पेशींनी तर त्या शंभरातला कणभरही पाहिलेला नसतो.

म्हणून पहिलं काम: शेवाळ बाजूला ठेवा आणि चाचणीच्या माध्यमातच विद्राव्यता काढा. लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी विरघळणाऱ्या द्रव्यांसाठी ओईसीडीच्या १०५ क्रमांकाच्या पद्धतीत कॉलम वापरतात, पण तो आकडा शुद्ध पाण्याचा. माध्यमात क्षार असतात, सामू वेगळा असतो, म्हणून तिथला आकडा वेगळा येऊ शकतो आणि तुम्हाला तोच हवा आहे.

माझी शिफारस हळू ढवळण्याची. काचेची, बुडाशी नळ असलेली बाटली घ्या, माध्यम भरा, कार्डेनॉल वर सोडा आणि मॅग्नेट इतका सावकाश फिरवा की मधला भोवरा पाण्याच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या खाली जाणार नाही. घाईने फिरवलंत की थेंब फुटून पाण्यात मिसळलेच. बाटलीला काळं कापड किंवा फॉइल गुंडाळा, कारण फिनॉल उजेडात आणि हवेत लाल-तपकिरी होत जातं. २४, ४८, ७२ तासांनी बुडाच्या नळातून नमुना काढून मोजा. आकडा वर चढायचा थांबला की संतुलन झालं. मग ढवळणं बंद करून काही तास स्थिर ठेवा आणि पहिली धार टाकून देऊन मधलं पाणी घ्या.

ते पाणी अंधाऱ्या खोलीत नेऊन बाजूने लेझर पॉइंटर मारून बघा. स्वच्छ द्रावणात किरण जवळपास दिसत नाही. थेंब तरंगत असतील तर बाटलीच्या आरपार लाल रेघ उमटते, भले तेच पाणी दिवसाच्या उजेडात तुम्हाला नितळ वाटलं असेल. तुलनेसाठी शेजारी नुसत्या माध्यमाची बाटली ठेवा. रेघ दिसली तर त्या द्रावणाने चाचणी करू नका. पुन्हा स्थिर ठेवा, नाहीतर सेंट्रीफ्यूज करा. फिल्टर करायचा मोह होईल, पण असली द्रव्यं मेम्ब्रेनला अशी चिकटतात की गढूळपणाबरोबर विरघळलेलं कार्डेनॉलही निघून जातं. फिल्टरशिवाय इलाजच नसेल तर त्यातून आधी बरंचसं तेच द्रावण जाऊ द्या, म्हणजे तो चिकटवून घेऊन घेऊन भरेल, आणि नंतरचं वापरा. प्लॅस्टिक मात्र कुठेच नको: टिप नको, नळी नको, झाकणाचं रबर नको. काच आणि टेफ्लॉन, बस.

डीएमएसओ, अ‍ॅसिटोन, डायमिथाइल फॉर्मअमाइड हे सॉल्व्हंट वापरायला बंदी नाही. ओईसीडीच्या अवघड द्रव्यांसाठीच्या मार्गदर्शक दस्तऐवजात (क्रमांक २३, दुसरी आवृत्ती २०१९ ची) कमाल मर्यादा लिटरला १०० मायक्रोलिटर आहे, आणि सॉल्व्हंटचा वेगळा कंट्रोल लागतो. पण एवढ्याशा सॉल्व्हंटने विद्राव्यता वाढत नाही, द्रव्य पाण्यात लवकर पसरतं इतकंच. ती वाढावी म्हणून सॉल्व्हंट वाढवाल, तर शेवाळ सॉल्व्हंटलाच प्रतिसाद देईल. शिवाय काही सॉल्व्हंट जिवाणूंचं खाद्य असतात, आणि तुमचं कल्चर निर्जंतुक नसेल तर तीन दिवसांत फ्लास्क त्यांनीच गढूळ होतो. वापरायचाच झाला तर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून फ्लास्कच्या काचेवर पातळ थर द्या, अ‍ॅसिटोन पूर्ण उडू द्या आणि मग माध्यम भरून सावकाश ढवळा. ट्वीन किंवा दुसरा कुठलाही इमल्सिफायर मी घालू देणार नाही. त्याचा स्वतःचा विषारीपणा असतो, आणि कार्डेनॉल त्याच्या कणांत अडकून बसतं. अल्ट्रासोनिक बाथचंही तेच, त्यातून दुधाळ इमल्शन तयार होतं आणि कित्येक दिवस खाली बसत नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. एकच शुद्ध द्रव्य असतं, तर एक संतृप्त द्रावण करून ते माध्यमाने पातळ करत पाच पातळ्या बनवणं योग्य ठरलं असतं. कार्डेनॉल मिश्रण आहे. म्हणून प्रत्येक पातळीची बाटली वेगळी लावा: लिटरला १, ३.२, १०, ३२ आणि १०० मिलिग्रॅम माल टाकून, प्रत्येक वेगळी ढवळून, प्रत्येकीतून विरघळलेला भाग वेगळा काढून. पेट्रोलियम तेलांसाठी हीच रीत वापरतात. इथे १०० हा 'किती टाकलं' याचा आकडा, पाण्यातल्या प्रमाणाचा नाही, आणि अहवालात त्याला तसंच म्हणायचं. दोन पातळ्यांमधला गुणक ३.२ च्या वर नेऊ नका. पाचही बाटल्यांतल्या पाण्याचा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) काढून शिखरांची तुलना करा. वरच्या तीन बाटल्यांत आकडे सारखेच आले तर दचकू नका: तिथे पाणी संतृप्त झालं आहे, जास्त टाकून आत जाणार नाही.

वर्षभर अशाच मालांच्या चाचण्या करायच्या असतील, तर सिलिकॉनच्या रिंगांत द्रव्य भरून त्या फ्लास्कमध्ये ठेवण्याची पद्धत शिकून घ्या. पाण्यातून द्रव्य कमी होईल तसतसं रिंगेतून नवं उतरत राहतं, त्यामुळे ७२ तास पातळी टिकते. कार्डेनॉलसारख्या द्रव्याला यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही, पण ती बसवायला वेळ लागतो. पहिल्या फेरीला ढवळलेली बाटली पुरेल.

शेवाळाकडे येऊ. बहुतेक ठिकाणी राफिडोसेलिस सबकॅपिटाटा वापरतात. जुन्या पुस्तकांत सेलेनास्ट्रम, मधल्या काळातल्यांत स्यूडोकर्कनेरिएला, जीव तोच, चंद्रकोरीच्या आकाराचा. जगभर वापरात असलेलं मूळ कल्चर १९५९ मध्ये नॉर्वेतल्या निटेल्वा नदीतून वेगळं केलेलं आहे. त्याला २१ ते २४ अंश हवे, आणि चाचणीभर त्यात २ अंशांहून जास्त चढउतार नको. मे महिन्यातल्या कुडाळात एसीशिवाय हे होणार नाही. पावसाळ्यात दिवे आणि शेकर इन्व्हर्टरवर घ्या. काही तास अंधार झाला तर कंट्रोलची वाढ मागे पडते आणि सगळी फेरी बाद होते. उजेड चौरस मीटरला दर सेकंदाला ६० ते १२० मायक्रोआइनस्टाइन, फ्लास्क ठेवायच्या जागेवर १५ टक्क्यांच्या आत सारखा, आणि तरीही रोज फ्लास्कच्या जागा बदलायच्या. सुरुवात मिलिलिटरला ५ ते १० हजार पेशींनी, आणि त्या पेशी जोमात वाढत असलेल्या ताज्या कल्चरमधल्या हव्यात. प्रत्येक पातळीला तीन फ्लास्क, कंट्रोलला सहा.

फेरी ग्राह्य धरायची तर कंट्रोलमध्ये ७२ तासांत निदान १६ पट वाढ, कंट्रोलच्या फ्लास्कांतल्या वाढीच्या वेगात फरक ७ टक्क्यांच्या आत, आणि दिवसागणिक वेगातला फरक सरासरी ३५ टक्क्यांच्या आत हवा. कंट्रोलचा सामू १.५ पेक्षा जास्त चढू नये. अधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेटची (शेवाळावरचा परिणाम आधीच माहीत असलेल्या द्रव्याची) फेरी लावा, म्हणजे तुमचं कल्चर नेहमीसारखं वागतंय की नाही ते कळतं.

काही फ्लास्कमध्ये पेशी कंट्रोलपेक्षा जास्त का निघाल्या, याचं उत्तर बहुधा तुमच्या पार्टिकल काउंटरमध्ये आहे. त्याला थेंब आणि पेशी यांत फरक कळत नाही. पाच-सहा मायक्रॉनचा तेलाचा थेंब तो पेशी म्हणूनच मोजतो. प्रत्येक पातळीला शेवाळ न घातलेला एक फ्लास्क ठेवा आणि त्याचाही काउंट घ्या. त्यात 'पेशी' निघाल्या तर कारण सापडलं. न्यूबाउअर स्लाइडवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर) सूक्ष्मदर्शकाखाली चंद्रकोर आणि गोल थेंब लगेच ओळखू येतात. पेशी एकमेकींना चिकटून घोस झाले असतील तर तेही दिसतं, आणि तसं दिसलं तर तो परिणाम विषाचा म्हणून मोजायचा नाही. सरसकट मोजणीसाठी क्लोरोफिलचं फ्लुरोसन्स घ्या, थेंब त्यात येत नाहीत.

शेवाळाविना ठेवलेल्या त्या फ्लास्कांचा आणखी एक उपयोग आहे. सुरुवातीला आणि ७२ तासांनी, आणि प्रमाण झपाट्याने घसरत असेल तर रोज, पाण्यातलं कार्डेनॉल मोजावं लागतं. शेवाळ असलेल्या फ्लास्कमध्ये घट जास्त आणि नसलेल्यात कमी, तर माल पेशींवर बसला आहे. दोन्हीकडे सारखीच घट, तर काचेने खाल्ला किंवा हवेने मोडला. काचेचा वाटा किती ते बघायला फ्लास्क रिकामा करा, थोडंसं मिथेनॉल घालून भिंतींवरून फिरवा आणि तेच इंजेक्ट करा. पहिल्यांदा हे कराल तेव्हा त्या मिथेनॉलमधलं शिखर पाण्यातल्या शिखराला मागे टाकेल, तयारी ठेवा. हे कमी करायला फ्लास्क आदल्या दिवशी त्याच पातळीच्या द्रावणाने भरून ठेवा, ते ओतून द्या आणि मग चाचणीचं द्रावण भरा. मोठा फ्लास्क आणि जास्त पाणी घेतलं तर काचेचा वाटा आपोआप घटतो.

मोजलेलं प्रमाण ठरवलेल्याच्या २० टक्क्यांच्या आत टिकलं नाही, आणि तुमचं टिकणार नाही, तर निकाल मोजलेल्या आकड्यांवर काढायचा. सुरुवातीला ०.४० आणि शेवटी ०.१० असेल तर साधी सरासरी ०.२५ येते, भूमितीय सरासरी ०.२०. घसरत्या प्रमाणासाठी दुसरी घ्या.

वाढीचा वेग धरायचा की एकूण उत्पन्न, हेही तुम्ही विचारलं होतं. वेग. कंट्रोल १० हजारांवरून १० लाखांवर गेला आणि तुमचा फ्लास्क ५ लाखांवर थांबला, तर उत्पन्नाच्या हिशेबाने घट पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसते. वेगाच्या हिशेबाने कंट्रोलचा दर दिवसाला १.५४, तुमचा १.३०, म्हणजे घट १५ टक्के. दोन्ही बरोबर, पण उत्पन्नाचा आकडा चाचणी किती दिवस चालवली यावर हलतो, वेगाचा तितका हलत नाही. अहवालात दोन्ही द्या आणि निष्कर्ष वेगावर काढा.

संतृप्त पाण्यातही काहीच परिणाम दिसला नाही, तर तो पूर्ण आणि मान्य होणारा निकाल आहे. 'माध्यमातल्या विद्राव्यतेच्या मर्यादेपर्यंत वाढीवर परिणाम आढळला नाही, ती मर्यादा मोजून इतकी आली' असं लिहा. फक्त तेवढ्याने माल मोकळा सुटत नाही. जागतिक वर्गीकरण पद्धतीत अत्यल्प विद्राव्य, लॉग गुणोत्तर ४ किंवा जास्त, आणि लवकर न विघटणारं द्रव्य तीव्र विषबाधा न दाखवताही दीर्घकालीन धोक्याच्या चौथ्या श्रेणीत जाऊ शकतं. म्हणून विघटनाच्या चाचणीचे आकडे सोबत मागवून ठेवा.

धामापूरच्या तलावाचं किंवा कारखान्याच्या विहिरीचं पाणी माध्यम म्हणून वापरू का, असंही शेवटी विचारलंत. या चाचणीत नाही. त्या पाण्यातला सेंद्रिय अंश कार्डेनॉल धरून ठेवतो, आणि आकडा दुसऱ्या कुणाशी ताडून बघता येत नाही. सांडपाणी कर्ली नदीच्या पात्राकडे जात असेल तर तिथलं पाणी घेऊन वेगळा प्रयोग जरूर करा, मी मदत करेन. तो आपल्या नदीसाठी, युरोपच्या कागदांसाठी नव्हे.

त्या कागदांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. युरोपीय संघात वर्षाला १ टन किंवा त्याहून जास्त माल जात असेल तर रीच (युरोपच्या रसायन-नोंदणीच्या) नियमांखाली शेवाळाची चाचणी लागू होते, आणि ती जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती) प्रमाणित प्रयोगशाळेतलीच लागते. भारतातल्या अशा प्रयोगशाळांचे निकाल २०११ पासून ओईसीडी देशांत मान्य होतात, त्यामुळे परदेशी नमुने पाठवायची गरज नाही. तुमच्याकडे होणारं काम पूर्वतयारीचं, पण पैसा तिथेच वाचतो. विद्राव्यता, संतुलनाला लागणारे तास, काचेला किती चिकटतं आणि नमुन्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आहे की नाही, हे चार आकडे हातात घेऊन गेलात तर त्यांना अंधारात सुरुवात करावी लागणार नाही.

तुमच्याकडे एचपीएलसी नाही, म्हणजे पाण्याचे नमुने बाहेर पाठवावे लागतील. तपकिरी काचेच्या, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या लहान बाटल्या घ्या. त्यात आधी मोजून मिथेनॉल घाला आणि मग त्यावर मोजून नमुना, म्हणजे वाटेत माल काचेला धरणार नाही. बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या गाडीने पाठवा. विश्लेषकाला चिठ्ठी लिहून कळवा की बाटलीतून थोडंसं उचलून न घेता सगळा नमुना रिकामा करायचा, त्याच बाटलीत पुन्हा मिथेनॉल फिरवायचं, ते नमुन्यातच मिसळायचं आणि एकूण घनफळ नोंदवायचं. सोबत नुसत्या माध्यमाची एक बाटली आणि ठरावीक कार्डेनॉल घातलेली एक बाटली न विसरता जाऊ द्या. त्या दुसऱ्या बाटलीतलं कार्डेनॉल किती परत मिळालं ते आधी विचारा, बाकीचे आकडे त्यानंतर वाचा.